हरणीचा नंबर

"मगदूम, टॉर्च जरा डावीकडे घे. अजून जरा. हां, बस."

अनाहिता दोतीवाला गाडीखाली रेक्झिनच्या तुकड्यावर उताण्या पडल्या होत्या आणि मी गुडघे टेकून टॉर्च धरला होता. बाई साठीच्या, केस बारीक कापलेले, अंगात निळा बॉयलर सूट. जुन्या मोटारींच्या लिलावात कुठली गाडी अस्सल आणि कुठली इकडून तिकडून जोडलेली, हे ठरवायचं काम लिलाव कंपनीनं त्यांच्याकडे दिलेलं. त्यांनी सही केली की गाडीला मान, नाही केली की ती भंगार. मधलं काही नव्हतं.

दोन हजार दहाचा जानेवारी होता. पुण्याबाहेरच्या एका रिसॉर्टच्या हिरवळीवर सव्वीस गाड्या ओळीनं लावलेल्या. दुपारी तीनला लिलाव. सतराव्या नंबरवर आमची हरणी उभी होती. एकोणीसशे चौतीस सालची, चार दारांची, कापडी टपाची इंग्लिश गाडी, रंग तांबूस, त्यावर सोनेरी बारीक रेघ. आमची म्हणतो ती जुन्या सवयीनं. गाडी माझ्या उस्तादाची, केरबाअण्णा लोहाराची होती.

अण्णा शेजारीच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. पांढरा पायजमा, खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, मांडीवर कापडी पिशवी. वय चौऱ्याहत्तर. उजवा डोळा कामातून गेलेला आणि डावाही त्याच वाटेवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभर दिसेल, फार तर दीड वर्ष. म्हणून तर तो हरणी विकायला निघाला होता. दिवाळीत मी कोल्हापूरला गेलो तेव्हा म्हणाला, "सर्ज्या, मला दिसतंय तवर ती चांगल्या घरात पडूदे. माझ्या माघारी तिचा तुकडा तुकडा करत्याली लोकं." पोरीचं लग्न ठरवावं तसं बोलत होता. लिलाव कंपनीत माझं वजन होतं. हरणीचं नाव यादीत मीच घातलं.

चांगलं घर आदल्या दिवशीच भेटलंही होतं. नाशिकचे डॉक्टर गुर्जर आणि त्यांची बायको. दर रविवारी जुनी गाडी स्वतः चालवणारी माणसं. त्यांनी बॉनेट उघडलं, पण हात लावायच्या आधी अण्णाला "लावू का?" असं विचारलं. तेवढ्यानंच अण्णा खूश. रात्रीचं जेवण गळ्याखाली उतरेना इतका खूश. "ह्यांच्याकडं जाऊदे," म्हणाला. डॉक्टरांची एकच अट होती, अस्सलपणाचा दाखला पाहिजे. तो नसेल तर ते घेणार नव्हते, आणि मग उरले असते सुटे भाग विकणारे व्यापारी. ते तर सकाळपासून गाड्यांभोवती घिरट्या घालत होते.

बाई गाडीखालून सरकत बाहेर आल्या. कोपराला माती लागली होती ती झटकली.

"मिस्त्री, चासीवरचा हा नंबर तुम्ही मारलाय?"

"व्हय, मीच की," अण्णा म्हणाला.

बाई बघतच राहिल्या. "तीस वर्षं हे काम करते. असं पटकन कोणी कबूल नाही करत."

"कबूल कसलं? चोरी केलीया व्हय? पुढची पट्टी सडली हुती. बदलली. नंबर हुता तसा नव्या पट्टीवर मारला. तिची वळख पुसूने म्हणून."

"काम फार सुंदर आहे. वेल्डिंग नाही, सगळे रिव्हेट. पण नंबर परत मारला असेल तर आमच्या नियमात गाडी नापास." बाईंनी चष्मा काढून पुसला. "फक्त एक वाट आहे. जुन्या पट्टीचा नंबरवाला तुकडा जपून ठेवला असेल तर मी 'दुरुस्त केलेली, अस्सल' असं लिहू शकते. आहे तो तुकडा?"

"हाय तर. पूजेत हाय."

मी टॉर्च विझवला आणि दुसरीकडे बघितलं. ते का, हे सांगायचं तर एकोणीस वर्षं मागं जायला हवं.

हरणी चिंचणीकर इनामदारांची. त्यांच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये ती वीस वर्षं काकवीच्या चिखलात रुतून बसली होती. वर कोंबड्या. अण्णा त्यांचं डिझेल इंजिन बघायला जायचा आणि येताना तिच्यापाशी उभा राहायचा. एक दिवस इनामदार म्हणाले, "केरबा, नेतोस का? चालू केलीस तर तुझी." कागद करून दिले. आम्ही ती बैलगाडीच्या मागं बांधून रस्त्याला आणली आणि तिथून ट्रकनं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, अण्णाच्या शेडमध्ये. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, अण्णाच्या हाताखाली सहा वर्षं काढलेला, आणि आपल्याला सगळं येतं अशा भ्रमात असलेला.

दिवसा गिऱ्हाइकांची कामं, संध्याकाळी दोन तास हरणी. असं तीन वर्षं चाललं. सगळ्यात छळलं ते नटांनी. गाडी जुन्या इंग्लिश मापाची. आमचे पाने बसायचे नाहीत, एक तर घट्ट, नाही तर ढिले. ढिला पाना लावून जोर दिला की नटाचे कोपरे जायचे, नट गोल व्हायचा. एक नट गोल झाला की अण्णा त्या दिवशी जेवायचा नाही. खोटं नाही सांगत. "तिचा नट हाय त्यो, बाजारात मिळायचा न्हाई," म्हणायचा आणि तो गोल झालेला नट खिशात घालून फिरायचा. स्वतःचे पाने कानशीनं घासून माप जुळवायला बघायचा. घासून घासून बोटांची कातडी गेली, पण माप काही जुळलं नाही.

चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याची, उजवी पट्टी पुढच्या बाजूला चाळण झाली होती, आणि नंबर तिच्यावरच. ७३१८. अण्णानं नवी पट्टी घडवली, नंबर मारला. मग जुनी कापायला घेतली. कापायच्या आधी नंबरच्या शेजारी टोकदार सेंटर पंच ठोकून तीन टिंबं मारली, त्रिकोणात. ही त्याची रीत. जे ठेवायचं त्याच्यावर तीन टिंबं, म्हणजे घाईत कुणी चुकून टाकून देऊ नये. वीतभर लांबीचा तो नंबरवाला तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाला, "परवा खंडेनवमी. ह्यो लाल फडक्यात बांध आणि पूजेत ठेव. ही तिची जन्मपत्रिका हाय."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. ऐरण, भाता, पाने, हातोडे, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, झेंडू वाहायचा. त्या वर्षीपासून पाटावर लाल फडक्यातली एक पुरचुंडीही बसायला लागली. ती बांधली मी. पूजेतलं सोडायचं नाही म्हणून अण्णा दरवर्षी जुन्या फडक्यावरच नवं फडकं बांधायचा.

आणि त्याच खंडेनवमीला मी अण्णापुढं जाड कापडात गुंडाळलेला इंग्लिश मापाच्या पान्यांचा संच ठेवला. चौदा पाने, जवळजवळ कोरे. अण्णानं एक उचलला, हरणीच्या पुढच्या नटाला लावला. खट्‌ करून बसला. म्हातारा रडला. तेव्हा म्हातारा नव्हता, पण रडला. "कुठनं आणलास रं?" म्हणाला. मी म्हणालो, "मुंबईच्या जुन्या बाजारातनं मागवला." पुढं हरणीचा एक एक नट त्याच पान्यांनी आवळला गेला.

तर हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं आणि मी घाईनं म्हणालो, "बाई, तुकडा कोल्हापूरला आहे. तीनच्या आत कसा येणार? यंदा गाडी मागं घेऊ. पुढच्या लिलावात बघू."

"मागं कशाला?" अण्णा म्हणाला. "आणलाय की संगट. पोरीला सासरी धाडताना पत्रिका द्यायला नगं?"

त्यानं पिशवीत हात घातला. आधी बाहेर आली ती पान्यांची गुंडाळी. हरणी जिथं जाईल तिथं ते पाने बरोबर, हा त्याचा नेम. मग पुरचुंडी निघाली. फुगून चांगली उशीएवढी झालेली. वरचं फडकं नवं, लालभडक, त्यावर हळदकुंकू.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे उघडायच्या आधी मला एक दाखवायचं आहे. मगदूम, तू पण बघ. काल संध्याकाळी कंपनीला हरकतीचं पत्र आलं. बंगळूरचे कोणी मुदलियार. ते म्हणतात, याच मॉडेलची, याच चासी नंबरची गाडी त्यांच्याकडे आहे. त्यांच्या चासीवर नंबर मूळचा आहे. म्हणजे तुमची खोटी. हा फोटो."

फोटो मोठा होता, स्वच्छ. रंगवलेल्या पट्टीत जुन्या लोखंडाचा वीतभर तुकडा बेमालूम बसवलेला, त्यावर ७३१८. अण्णानं फोटो डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला. बराच वेळ बघितला. आणि हसला.

"ही तीन टिंबं दिसत्यात नव्हं बाई? ही माझी."

"म्हणजे?"

"म्हंजे ह्यो तुकडा माझा. माझ्या पंचचं टोक एका अंगाला बसलेलं. टिंब गोल उठत न्हाई, जरा लांबट उठतं. बघा." फोटोवर नख टेकवून त्यानं दाखवलं. "पर ह्यो तिथं कसा असंल? त्यो तर हितं हाय. फोटूत कायतरी लबाडी हाय. थांबा, आत्ता दावतो."

आणि तो फडकी सोडायला लागला.

एकोणीस फडकी. मी मोजली, कारण दुसरीकडे कुठं बघायचं धाडस नव्हतं. पहिलं लालभडक, दुसरं त्याहून जरा उतरलेलं, मग विटकं, मग विटकरी. प्रत्येक गाठ अण्णा दोन नखांनी सोडवायचा, फडक्याची घडी करायचा, खुर्चीच्या हातावर ठेवायचा. घाई नाही. आसपास पाचसात माणसं जमली. डॉक्टर गुर्जर आणि त्यांची बायकोही आली. प्रत्येक फडक्याला मला वाटत होतं, आता सांगावं. आता. या गाठीनंतर.

काय सांगायचं होतं ते आता सांगतो. त्या वर्षी नवरात्रात सफारीतला एक माणूस उद्यमनगरात फिरत होता. गोड बोलायचा. जुने दिवे, जुन्या पाट्या, असलं काही विकत घ्यायचा. अण्णा बाहेर गेला असताना तो आमच्या शेडमध्ये आला आणि त्यानं तुकडा बघितला. मी फडक्यात बांधतच होतो. म्हणाला, "हा द्या. कपाटात शोभेला ठेवीन." मी म्हणालो, "पूजेतला आहे, नाही देता येणार." त्यानं बॅगेतून पाने काढले आणि माझ्यापुढं पसरले. चौदा. इंग्लिश मापाचे.

अण्णाची सोललेली बोटं मला दिसली. त्याच्या खिशातले गोल नट दिसले. आणि इकडं काय, तर गंजलेलं वीतभर लोखंड. नवीन पट्टीवर नंबर आहे, कागदावर नंबर आहे, मग हे कुणाच्या उपयोगाचं? मी तुकडा दिला. त्याच सडक्या पट्टीचा मागचा, बिननंबरचा तेवढाच तुकडा हॅक्सॉच्या करवतीनं कापला, फडक्यात बांधला आणि पाटावर ठेवला. चांगला सौदा केला असंच मला वाटलं होतं. असल्या तुकड्याभोवती माणसं अख्खी गाडी उभी करतात, हे मला दहा वर्षांनी पुण्यात येऊन, स्वतःचं गॅरेज काढून, या धंद्यातला शहाणा झाल्यावर कळलं. कळलं तरी अण्णाला सांगितलं नाही. कशाला सांगायचं, तो कधी पुरचुंडी सोडणार आहे, असा माझा हिशेब.

शेवटचं फडकं काळपट पडलं होतं. ते मी बांधलेलं. गाठ माझी.

अण्णानं तुकडा तळहातावर घेतला. अंगठ्यानं चोळला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला. मग थुंकी लावून चोळला. दिसत नाही म्हणून असेल, असं वाटून त्यानं तो बाईंकडे दिला. "तुमी बघा वं. माझ्या डोळ्याचं काय खरं न्हाई."

बाईंनी टॉर्च मारला. भिंग लावलं. "मिस्त्री, यावर काही नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"असंल. गंजाखाली असंल."

"नाही. इथं कधीच नंबर नव्हता."

अण्णानं तुकडा परत घेतला. या वेळी त्यानं नंबर शोधला नाही. कापलेल्या कडेवर बोट फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी डावखुरा आहे. माझा हॅक्सॉ नेहमी एका बाजूला उतरतो. सहा वर्षं अण्णानं त्याबद्दल मला शिव्या घातल्या होत्या. त्याचं बोट कडेच्या शेवटी थांबलं. मग त्यानं मान खाली करून मांडीवरच्या पान्यांच्या गुंडाळीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

रागानं बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुढं अनेकदा स्वतःला सांगितलंय. ते खरं नाही. तो नुसता वाट बघत होता.

बाईही माझ्याकडेच वळल्या. "मगदूम, तू यांच्या वर्कशॉपमध्ये होतास ना तेव्हा? ऐक. मला मिस्त्रींचं काम दिसतंय. गाडी खोटी नाही, माझं मन सांगतं. पण मनावर दाखला देता येत नाही. हा तुकडा तिथून कसा गेला, कोणी दिला, कधी, हे कोणी मला एका कागदावर लिहून दिलं तर मी आज ही गाडी लिलावातून थांबवते, बंगळूरला नोटीस लावते. मग त्या गाडीलाच उत्तर द्यावं लागेल. कोणी आहे का असं?"

त्या हिरवळीवर सव्वीसपैकी तीन गाड्या माझ्या गॅरेजमधून तयार होऊन आल्या होत्या. तिन्हींच्या कागदांवर अस्सलपणाची ग्वाही देणारी माझी सही. त्यांचे मालक दहा पावलांवर चहा पीत होते. 'मगदूमसाहेब' म्हणायचे मला. चासीचा नंबर विकणारा माणूस म्हणून मी उभा राहिलो असतो तर माझ्या सहीला उद्या कुणी हुंगलंही नसतं. गॅरेजमधली अकरा माणसं, मुलीची मेडिकलची फी, नवा फ्लॅट, सगळं एका क्षणात माझ्यापुढं येऊन उभं राहिलं. माणूस अशा वेळी किती भराभर विचार करतो.

"मला काही आठवत नाही," मी म्हणालो.

अण्णा अजून माझ्याकडेच बघत होता. मग त्यानं तोंड फिरवलं.

"त्याला काय इचारता?" तो बाईंना म्हणाला. "त्यो पोरगा हुता तवा. बांधलं मीच हुतं. भलताच तुकडा बांधला असंल. खरा भंगारात गेला असंल. चूक माझी."

"लिहून द्याल का तसं?"

"मला लिवायला येत न्हाई बाई."

येत होतं. सातवी झालेला होता, अक्षर मोत्यासारखं. खोटं लिहायला येत नाही, असं त्याला म्हणायचं असावं. बाईंनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग कागदावर 'नापास' लिहिलं. खाली आडवी रेघ मारली. निकाल लिहिला की गाडी मागं घेता येत नाही, असा लिलावाचा नियम होता. डॉक्टर गुर्जरांनी अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला, "वाईट वाटतं हो," म्हणाले, आणि बायकोला घेऊन अठराव्या गाडीकडे गेले.

तीन वाजता लिलाव सुरू झाला. लिलाववाला मोठा बोलका, मध्ये मध्ये कोट्या करायचा, लोक हसायचे. सतरावा नंबर आला तेव्हा त्यानं कोटी केली नाही. "दाखला नाही. सुट्या भागांसाठी," एवढंच वाचलं. दोघांनीच हात वर केले. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत हरणी गेली.

घेणारा नवीशेठ नावाचा व्यापारी होता. माणूस वाईट नव्हता. अण्णा उठून त्याच्याजवळ गेला.

"चालवणार न्हवं?"

"चालवून काय करू काका? हेडलाइटना एक हॉटेलवाला गिऱ्हाईक आहे, भिंतीवर लावायला. इंजिन हैद्राबादला जाईल. बाकी बघू." मग जरा ओशाळून म्हणाला, "ट्रकमध्ये अख्खी बसत नाही हो. दिवे, मडगार्ड, काच इथंच काढून घेतो."

त्याची दोन माणसं हत्यारांची पेटी घेऊन आलीच होती. एकानं पुढच्या दिव्याच्या नटाला साधा पाना लावला. पाना सरकला. त्यानं पुन्हा लावला, जोर दिला, नटाच्या कडेचा पत्र्यासारखा कीस निघाला. मग त्यानं पकड काढली.

"ए, थांब!" अण्णा ओरडला. त्या दिवसातला त्याचा तेवढा एकच मोठा आवाज. हिरवळीवरची माणसं वळून बघायला लागली. नवीशेठला वाटलं, म्हातारा आता भांडणार.

अण्णा खुर्चीपाशी गेला. पिशवी चाचपली. पान्यांची गुंडाळी काढली आणि सरळ माझ्याकडे आला. गुंडाळी माझ्या हातात दिली.

"त्यांच्या पान्यानं नट गोल व्हत्याल. तू खोल."

"अण्णा..."

"तूच आणलीस नव्हं ही पानं? मग तूच खोल. तुला म्हाईत हाय कुठला कुठं बसतोय."

"अण्णा, मी बाईंना सांगतो. अजून वेळ आहे. मी आत्ता जाऊन..."

"बाई गेल्या," अण्णा म्हणाला. "मघाच गेल्या. खोल."

मी फाटकाकडे बघितलं. बाईंची गाडी खरंच नव्हती. पळत गेलो असतो, फोन केला असता, बरंच काही करता आलं असतं. तीन गाड्यांचे मालक अजून तिथंच उभे होते. मी कोट काढला आणि हरणीपुढं बसलो.

गुंडाळी सोडली. चौदा पाने, तेलाचा हात फिरवलेले, एकावर गंजाचा ठिपका नाही. पहिला पाना उचलला, डाव्या दिव्याच्या नटाला लावला. खट्‌ करून बसला. एकोणीस वर्षांपूर्वी बसला होता तसाच. जरासा जोर दिला आणि नट सुटला.

अण्णा शेजारी खाली मांडी घालून बसला. खुर्चीवरून आणलेल्या त्या एकोणीस फडक्यांतलं एक त्यानं गवतावर पसरलं. मी नट काढून द्यायचो, तो बोटांनी चाचपून, कोपरे बघून, फडक्यावर ओळीनं मांडायचा. दिवा निघाला, दुसरा निघाला, मग मडगार्ड, मग काच. एकेका भागाचे नट वेगळ्या फडक्यात बांधून तो नवीशेठच्या माणसाच्या हातात द्यायचा आणि सांगायचा, "ह्ये डाव्या अंगाचं. मिसळू नगा." माणूस हो म्हणायचा आणि सगळं एकाच पोत्यात टाकायचा. अण्णाला ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि मी तेही सांगितलं नाही.

ट्रक गेला तेव्हा ऊन उतरलं होतं. मी म्हणालो, "चला, कोल्हापूरला सोडतो." अण्णा म्हणाला, "नगं, एस्टी हाय." स्वारगेटपर्यंत तरी सोडतो म्हणालो, तर त्यानं रिसॉर्टच्या माळ्याला विचारून त्याच्या मोटरसायकलवर मागं बसायची सोय केली. मी पान्यांची गुंडाळी पुढं केली. त्यानं ती घेतली नाही. उरलेलं एक लाल फडकं मात्र पुढं केलं.

"हात पूस," म्हणाला. "ग्रीस लागलंय."

मी हात पुसले. त्यानं फडकं परत मागितलं नाही. मोटरसायकल फाटकाबाहेर वळली, आणि तो मला पुन्हा भेटला नाही. खंडेनवमीला मी कोल्हापूरला गेलो तेव्हा शेडला कुलूप होतं, आणि शेजारच्या फाउंड्रीवाल्यानं सांगितलं की अण्णा लेकीकडे गडहिंग्लजला गेला, त्याला आता काहीच दिसत नाही. गडहिंग्लजचा पत्ता मी लिहून घेतला. पुढच्या वर्षी तो गेला.

पाने माझ्याकडे आहेत. पुण्यातल्या गॅरेजमध्ये दर खंडेनवमीला अकरा माणसं हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, झेंडू वाहतात, मला पहिला नारळ फोडायला लावतात. ती गुंडाळी मी कपाटातच ठेवतो. कधी कुणी नवा कारागीर विचारतो, साहेब, हे इतके चांगले पाने वापरत का नाही? मी काहीतरी सांगतो.

त्या दिवशी हरणीचे एकशे बारा नट मी काढले. एकही गोल झाला नाही.